दिव्याला दिसलेला सायकलस्वार

रस्त्यावरचा तांबडा दिवा हा सामान्य नागरिकाच्या रोजच्या परिचयाचा कायदा आहे. न्यायालयाची पायरी जन्मात न चढलेला माणूसही दिवसातून चार वेळा या दिव्यापुढे उभा राहतो. परंतु जो थांबविण्याचा अधिकार घेतो, त्याच्याकडे सोडण्याचे कर्तव्यही येते. आपली पाळी येईल या भरवशावरच माणूस थांबतो. हा भरवसा सायकलस्वारांच्या बाबतीत कसा मोडला, आणि तो पुन्हा जोडण्याचे प्रयत्न कोठे व कसे झाले, याची हकीकत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय दिसावयास लहान आहे. पण यंत्राच्या हाती न्याय सोपविला म्हणजे काय होते, हे त्यात चांगले दिसते.

चौकातील दिव्याचा जन्म लंडनचा. डिसेंबर १८६८ मध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ जे. पी. नाइट या रेल्वेच्या इंजिनियराच्या योजनेप्रमाणे एक खांब उभारण्यात आला. दिवसा रेल्वेच्या सिग्नलसारखे हात आणि रात्री गॅसचे तांबडे-हिरवे दिवे, अशी त्याची रचना होती. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट होऊन तो चालविणारा पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग बंद पडला. नंतर १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँड शहरी विजेचे दिवे लागले. तेही जवळच्या चौकीत बसलेला माणूस बटनाने चालवीत असे. म्हणजे या दोन्ही ठिकाणी दिव्यामागे माणसाचे डोळे होते. समोर बग्गी आहे, मोटार आहे की सायकल आहे, हे त्या डोळ्यांना दिसत होते.

पुढे माणसाच्या जागी घड्याळ आले. या बाजूला इतके सेकंद, त्या बाजूला इतके सेकंद, असा ठराव झाला. हा दिवा आंधळा होता. रस्ता ओस पडला असला तरी तो तांबडाच राहणार, आणि लोक विनाकारण ताटकळत उभे राहणार. त्याची ही उणीव सर्वांच्या डोळ्यांवर आली. पण त्याच्या एका गुणाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तो आंधळा असल्यामुळेच समदर्शी होता. मोटारवाला असो की सायकलवाला, घड्याळाचा काटा दोघांसाठी सारखाच फिरत होता.

हे आंधळेपण घालविण्यासाठी दिव्याला इंद्रिये देण्यास सुरुवात झाली. बाल्टिमोर शहरी चार्ल्स अॅडलर यांनी १९२८ मध्ये दिव्याला कान दिले. आडरस्त्याने आलेल्या मोटारवाल्याने भोंगा वाजवावा, खांबावरच्या यंत्राने तो ऐकावा आणि दिवा बदलावा, अशी ती युक्ती होती. इंग्लंडात १९३२ साली लंडनच्या कॉर्नहिल व ग्रेसचर्च स्ट्रीट यांच्या चौकात वाहनांची चाहूल घेऊन बदलणारे दिवे बसले. तेथे दिव्याला जणू त्वचाच मिळाली. रस्त्यात बसविलेल्या रबरी पट्टीवरून चाक गेले की आतली हवा दाबली जाई आणि त्या दाबाने यंत्राला वर्दी पोचे. येथेच एक प्रश्न उभा राहतो. कानाला भोंगा हवा, त्वचेला भार हवा. ज्याच्याजवळ भोंगा नाही आणि भारही नाही, त्याने दिव्याला आपली ओळख कशी पटवावी?

१९६०च्या सुमारास याहून सोयीचे साधन पुढे आले आणि जगभर पसरले. रस्त्याच्या डांबरात चौकोनी खाच पाडून तीत तारेचे काही वेढे घालतात आणि वरून खाच बुजवितात. तारेतून झपाट्याने दिशा बदलणारा विजेचा प्रवाह सोडला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, तारेच्या विद्युत्‌गुणात किंचित फरक पडतो आणि पेटीतील यंत्र तो टिपून घेते. यात घासणारा-झिजणारा भाग नाही, दाब नाही, आवाज नाही. इंजिनियरांना हे साधन आवडले यात नवल नाही.

पण या वेटोळ्यावर मोटार आणि सायकल यांची गत एक नाही. पावसात सूप आडवे धरले तर त्यात पाणी साचते. उभे धरले तर थेंब बाजूने निघून जातात. तसेच येथे घडते. वेटोळ्याच्या मध्यभागी चुंबकीय रेषा सरळ वर निघतात. मोटारीचा धातूचा तळ त्यांच्यावर आडवा पसरलेला असल्यामुळे त्या सगळ्या त्याला भिडतात. सायकलचे चाक मात्र उभे. रेषा त्याच्या अंगाअंगाने निघून जातात आणि यंत्राला वाटते की रस्ता मोकळा आहे. तारेच्या नेमके वर मात्र याच रेषा वळून आडव्या होतात आणि उभ्या चाकाच्या आरपार जातात. म्हणून रस्त्यावर दिसणाऱ्या खाचेच्या लांबीवर दोन्ही चाके धरून उभा राहिलेला सायकलस्वार पुष्कळदा यंत्राला कळतो. खाचांच्या मधोमध ऐटीत उभा राहिलेला कळत नाही. लोखंडच पाहिजे असेही नाही. अॅल्युमिनियमच्या रीमवरही काम भागते, कारण वीज वाहून नेणारे कडे एवढेच त्याला पाहिजे असते. बुटाला लोहचुंबक बांधण्याची युक्ती काही लोक सांगतात, तिचा मात्र उपयोग होत नाही.

यंत्र अधिक संवेदनशील केले तर भागेल, असे कोणास वाटेल. पण तसे केले की शेजारच्या ओळीतून जाणारी मोटारही ते टिपू लागते आणि नको तेथे दिवा बदलतो. हा त्रास टाळण्यासाठी संवेदना कमी ठेवण्याकडे कल राहणे स्वाभाविक होते. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. मोटार दिसली म्हणजे वाहतूक दिसली, असे मनात धरून काम झाले, एवढेच. परिणाम मात्र असा झाला की, कायदा पाळून उभा राहिलेला माणूस, पाठीमागून एखादी मोटार येऊन त्याची सुटका करीपर्यंत, उभाच राहू लागला. मोटार न आल्यास त्याला दोनच वाटा उरत. सायकल हातात धरून पादचारी व्हावे, नाही तर तांबडा दिवा मोडावा. प्रामाणिक माणसाला गुन्हेगार बनविणारी व्यवस्था ती हीच.

यावर अमेरिकेतील राज्यांनी योजलेले दोन उपाय ताडून पाहण्यासारखे आहेत. मिनेसोटा राज्याने २००२ साली असा कायदा केला की, पूर्ण थांबून अवाजवी वेळ वाट पाहिल्यावर, दिवा बिघडलेला आहे किंवा त्याला आपली चाहूल लागलेली नाही असे दिसल्यास आणि रस्ता निर्धोक असल्यास, सायकलस्वाराने वा मोटारसायकलस्वाराने पुढे जाणे हा न्यायालयात बचाव धरला जावा. ही सवलत झाली. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये निराळा मार्ग धरला. वाहनांची चाहूल घेणारा दिवा नव्याने बसविताना किंवा त्याचे वेटोळे बदलताना, शक्य तेथवर, तो सायकल आणि मोटारसायकल ओळखील असाच बसविला व राखला पाहिजे, असे त्या राज्याने कायद्यात घातले. ही मान्यता झाली. सवलत म्हणते, तू आम्हांस दिसत नाहीस, तेव्हा तुझे तू सांभाळ. मान्यता म्हणते, तू दिसला पाहिजेस, आणि दोष आमच्या डोळ्यात असेल तर तो आम्ही दुरुस्त करू. नागरिकत्वाला शोभणारा मार्ग आमच्या मते दुसरा आहे.

आणि तो मार्ग अशक्यही नव्हता. वेटोळे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वळविले तर मधल्या तारांतून प्रवाह एकाच दिशेने जातो. तेथे क्षेत्र बळकट होते आणि बाहेर लवकर विरते. अशा वेटोळ्याला मधोमध उभी असलेली सायकल कळते आणि शेजारची मोटार त्रास देत नाही. कोठे उभे राहावे हे कळावे म्हणून रस्त्यावर सायकलचे लहानसे चित्रही काढतात. पुढे कॅमेरे आणि रडार यांचाही उपयोग होऊ लागला.

पण नुसते दिसून भागत नाही. हिरवा दिवा मिळाला आणि रस्त्याच्या मध्यावर पोचेतो तो गेला, तर ती सुटका नव्हे, संकट आहे. कॅलिफोर्नियाच्या नियमांत याचाही हिशेब धरला आहे. सायकलला गती घेण्यास ६ सेकंद आणि पुढे ताशी सुमारे १६ किलोमीटरची चाल, असे मानून वेळ ठरवावयाचा. ३० मीटर रुंदीचा चौक असेल तर हिरवा, पिवळा आणि सर्व बाजूंनी तांबडा मिळून सुमारे १३ सेकंद लागतात. मोटारीच्या हिशेबाने ठरविलेला वेळ यापेक्षा कमी पडू शकतो.

या बाबतीत सर्वांच्या पुढे गेलेला देश म्हणजे नेदरलँड्स. तेथे हे आपोआप झाले असे मात्र समजू नये. १९७१ साली तेथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यातून मुलांची ही हत्या थांबवा अशी चळवळ उठली, आणि १९७३च्या तेलटंचाईने मोटारींवाचून रस्ते कसे दिसतात हेही लोकांनी पाहिले. रस्त्यांची जी फेररचना पुढे झाली तीत सायकलीला स्वतःची वाट मिळाली आणि त्या वाटेवर स्वतःचे दिवे, स्वतःची वेटोळी आणि हाताशी येणारे बटनही मिळाले. ग्रोनिंगेन शहरात १९८९ पासून काही चौकांत सर्व दिशांच्या सायकलस्वारांना एकाच वेळी हिरवा दिवा मिळतो. पाऊस पडू लागला की सायकलस्वारांची पाळी लवकर आणणारे दिवेही तेथे बसविले गेले. बंद मोटारीत बसलेला माणूस भिजत नाही, सायकलवरचा भिजतो, एवढी साधी गोष्ट यंत्राला शिकविली गेली.

आता आपल्याकडे वळू. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कामगार, कारकून, विद्यार्थी, प्राध्यापक सारे एकाच चौकात एका पायावर तोल सावरीत उभे असत. तो काळ गेला, आणि चौक मोटारींनी व मोटारसायकलींनी भरले. तरी दूध, वर्तमानपत्रे, कामावरचा डबा घेऊन सायकलीवर निघणारी माणसे आजही आहेत. आणि वाहने पाहून वेळ ठरविणारे दिवे आपल्याही शहरांतून बसू लागले आहेत. आंधळ्या दिव्याच्या जागी डोळस दिवा येत आहे, ही प्रगतीच आहे. तिला आमचा विरोध नाही. परंतु डोळा मिळाला की कोणाला पाहावयाचे हा प्रश्न त्याच्याबरोबर येतो, आणि त्याचे उत्तर यंत्र देत नसते. यंत्र बसविणारे व बसवून घेणारे देतात. आपल्या नगरपालिकेने नवा दिवा उभारला की त्याला किती मोटारी मोजता येतात एवढेच विचारून नागरिकांनी घरी जाऊ नये. पहाटे पाच वाजता एकटाच आलेला दूधवाला त्याला दिसतो काय, हेही विचारावे.