हेलिकोप्रिऑन
पर्मियन काळातील समुद्रांत सु. २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वी राहणाऱ्या उपास्थियुक्त माशांची एक निर्वंश प्रजाती. ‘वेटोळे’ व ‘करवत’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव आले आहे. उपास्थी सहसा जीवाश्मरूपात टिकत नाही. त्यामुळे या माशाचे बहुधा दातांचे सर्पिल वेटोळेच तेवढे सापडते. परिणामी त्याचे वर्गीकरण दीर्घकाळ अनुमानावर अवलंबून राहिले.

पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडलेल्या अशा वेटोळ्याच्या तुकड्याचा समावेश हेन्‍री वुडवर्ड यांनी १८८६ मध्ये एडेस्टस या प्रजातीत केला. उरल भागातील अधिक पूर्ण वेटोळी अभ्यासून रशियन भूवैज्ञानिक कार्पिन्स्की यांनी १८९९ मध्ये हेलिकोप्रिऑन ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. वेटोळे वरच्या जबड्यातून नाकाडावर वळलेले असावे, असे त्यांना वाटले. इतरांनी ते पाठीच्या परावर किंवा शेपटीवरही कल्पिले.

अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९५० मध्ये सापडलेल्या नमुन्यात मात्र जबड्याची उपास्थीही टिकून होती. बेंडिक्स-आल्मग्रेन यांनी १९६६ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच नमुन्याच्या क्ष-किरण छेदचित्रणावरून २०१३ मध्ये असे दिसून आले की, वेटोळे खालच्या जबड्यात होते व त्याने जबड्याची जवळजवळ सर्व लांबी व्यापलेली होती. दात गळून न पडता जुने लहान दात आत गुंडाळले जात. जबड्याच्या कवटीशी असलेल्या जोडणीवरून हा मासा खरा शार्क नसून कायमेरा माशांचा दूरचा आप्त ठरतो. शार्क म्हणून प्रसिद्धी पावलेल्या या प्रजातीचे स्थान अशा रीतीने दातांनी नव्हे, तर उपास्थीने निश्चित केले.