तेलाचें एंजिन आणि त्याचे मराठी कर्ते

मराठवाड्यांतील एखाद्या जुन्या विहिरीवर किंवा गांवच्या पिठाच्या गिरणीजवळ ज्यांचें बाळपण गेलें, त्यांच्या कानांत तेलाच्या एंजिनाचा तो एकसुरी ठोका अद्यापहि घुमत असेल. त्या ठोक्याचा ताल कोण धरतो, हा प्रश्न मात्र फारच थोड्यांना पडला असेल. एंजिनाच्या पोटांत एक दांडा फिरत असतो व त्यावर ठराविक जागीं अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा वर आला कीं तो झडप उचलतो; ओसरला कीं स्प्रिंग तिला पुन्हां जागेवर बसविते. यासच कारखानदार कॅमशाफ्ट म्हणतात. मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्या होतात तों याची एक होते. हवा केव्हां आंत घ्यावी, धूर केव्हां सोडावा, तेलाची पिचकारी केव्हां मारावी, हें सारें त्या उंचवट्यांच्या घडणीवर अवलंबून असतें. गवई कितीहि थोर असला तरी पखवाजी चुकला कीं मैफल विस्कटते. येथेंहि तसेंच आहे.

परदेशांत या एका दांड्याच्या कारागिरीवर माणसांनीं नांव मिळविलें. कॅलिफोर्नियांत एड विनफील्ड यानें १९२० नंतरच्या दशकांत शर्यतीच्या मोटारींकरितां असे उंचवटे घासून दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर एड इस्केंडेरियन या आर्मेनियन वंशाच्या तरुणानें घासणीचें यंत्र स्वतःच जुळवून तोच मार्ग धरला. त्यांची युक्ति सांगावयास सोपी आहे. झडप अधिक उंच उचलावी, अधिक वेळ उघडी ठेवावी, म्हणजे भर वेगांत एंजिन अधिक हवा ओढून अधिक जोर करतें. याची किंमत म्हणून संथ गतींत तेंच एंजिन अडखळतें. शर्यतीच्या शौकिनांना तें अडखळणेंहि संगीतासारखें वाटतें, असें म्हणतात! तो वारसा वेगाचा आहे. आपल्याकडे कॅमशाफ्ट आला तो विहिरीच्या कांठीं, आणि विहिरीला वेगाशीं कर्तव्य नव्हतें. मिनिटास १५०० फेरे घेणारें एंजिन रात्रीं आठ तास चाललें तर त्याची प्रत्येक झडप ३,६०,००० वेळां उघडते व मिटते. तितक्या वेळां न झिजतां, न चुकतां ती उचलणें हीच आमची शर्यत होती. आणि आमच्या मतें ती त्या दुसऱ्या शर्यतीहून सोपी नव्हती.

छत्रपति संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, यंत्र ही वस्तु अगदीं अपरिचित होती असें मात्र नाहीं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशीं जी पाणचक्की आहे, तिचें पाणी १७४४ सालीं डोंगरांतील झऱ्यापासून खापरी नळांनीं आणलें गेलें. त्या पाण्याच्या जोरावर आडवें चाक फिरे, चाकाच्या उभ्या दांड्यावर जातें फिरे, आणि फकीर-यात्रेकरूंच्या भाकरीचें पीठ दळलें जाई. त्याहि आधीं, सतराव्या शतकाच्या आरंभीं, मलिक अंबरानें या नगरास नहर बांधून दिली होती. परंतु पाणचक्की हें वाहत्या पाण्याचें यंत्र. पाणी खोल विहिरींत आहे आणि तें वर काढावयाचें आहे, त्या ठिकाणीं तिचा कांहीं उपयोग नाहीं. तें काम शतकानुशतकें मोटेच्या बैलांनीं केलें.

बैलांचा हा भार हलका करण्याचा विचार ज्यांनीं मनावर घेतला त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें नांव पहिलें येतें. त्यांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकलेच्या ओढीनें ते मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें गेले. पण रंग ओळखण्यांत डोळे दगा देतात असें आढळल्यावर चित्रकला सोडून यंत्रांच्या आकृत्या काढण्याकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. तेथें बढतीच्या वेळीं आपणांस डावललें हें पाहून त्यांनीं नोकरी सोडली व बेळगांवीं सायकलींचें दुकान आणि लहानसा कारखाना चालविला. रंग न दिसणाऱ्या डोळ्यांना रेषा मात्र अचूक दिसे, हा एक योगायोगच म्हणावयाचा. त्यांचा लोखंडी नांगर १९०३ च्या सुमाराचा. लोखंडानें जमीन विषारी होते अशी समजूत असल्यामुळें प्रथम कोणी तो घेईना. पुढें बेळगांवची जागाहि सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ देऊं केला. निवडुंगानें व सापांनीं भरलेल्या त्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर, कडबा कापण्याचीं यंत्रें, उंसाचे चरक, पंप असा क्रम लागत गेला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथें यंत्रशास्त्र शिकून १९२६ मध्यें पदवीधर झाले, आणि १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. पंपापासून एंजिनापर्यंतचा हा प्रवास दिसावयास लहान असला तरी कसबाच्या दृष्टीनें फार लांबचा आहे. पंपाच्या ओतकामांत थोडाबहुत खडबडीतपणा खपून जातो. कॅमच्या उंचवट्यांत केसाइतकें अंतर पडलें तरी तेल वेळेवर पेटत नाहीं. एंजिन काळा धूर ओकतें, आणि हॅंडल मारून मारून शेतकऱ्याचे खांदे भरून येतात.

किर्लोस्करांच्या आधीं या वाटेनें गेलेल्या एका गृहस्थांचें नांव आज मराठी वाचकांच्या जिभेवर नाहीं, ही गोष्ट खेदाची आहे. सातारचे सर धनजीशा कूपर यांनीं १९२२ सालीं लोखंडी कामाचा कारखाना काढला. प्रथम त्यांनींहि नांगरच केले. पुढें १९३० नंतरच्या दशकांत देशांतील अगदीं पहिल्या डिझेल एंजिनांपैकीं कांहीं याच कारखान्यांतून बाहेर पडलीं. हेच कूपर १९३७ सालीं एप्रिलपासून जुलैपर्यंत मुंबई इलाख्याचे पहिले मुख्य प्रधान होते. साडेतीन महिन्यांच्या त्या मंत्रिमंडळाची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत सांपडते, एंजिनाची सांपडत नाहीं. याचें कारण शोधूं गेल्यास तें छापखान्यांत आढळेल, असें आमचें मत आहे. किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० पासून मासिक चालविलें. पुढें ‘स्त्री’ व ‘मनोहर’ त्यास येऊन मिळालीं. नांगराबरोबर विचारहि घरोघर गेला, आणि दिवाणखान्यांतल्या टेबलावर कारखान्याचें नांव कायमचें बसलें. कूपरांपाशीं ओतशाळा होती, मासिक नव्हतें. कीर्ति ही वस्तु बिडांत ओतली जात नाहीं!

मराठवाडा त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता व त्या राज्याची जकात स्वतंत्र होती. १९४८ च्या सप्टेंबरांत तो प्रांत मुक्त झाला आणि नंतरच्या दोन-तीन दशकांत विहिरींवर एंजिनें दिसूं लागलीं. पांच अश्वशक्तीचें उभें किर्लोस्कर एंजिन अनेकांच्या ओळखीचें झालें. त्याच्याच जोडीस विलायतेंतील डर्सली गांवच्या लिस्टर एंजिनाच्या नकला राजकोटाहून येत. मिनिटास अवघे ६५० फेरे घेणारीं तीं जड, संथ यंत्रें. मूळ कारखान्यानें तीं करणें सोडलें तरी राजकोटाकडे तीं होतच राहिलीं. मोट थांबली, बैल मोकळे झाले, आणि ऊंस नव्हता तेथें ऊंस आला. या शेवटच्या गोष्टीचें सुख किती आणि दुःख किती, हें १९७२ च्या दुष्काळानें विहिरी कोरड्या पाडल्या तेव्हां पुष्कळांस उमगलें. एंजिन पाणी ओढतें, पाणी निर्माण करीत नाहीं. पुढें विजेच्या मोटारी आल्या व एंजिनें गोठ्यांत जाऊन बसलीं. भारनियमनाच्या रात्रीं मात्र त्यांवरचें पोतें पुन्हां दूर होई.

या नगरीच्या कारखानदारीचा दुसरा अध्याय १९८५ सालीं वाळुजच्या माळावर सुरू झाला. बजाज कंपनीचा कारखाना तेथें निघाला आणि सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची वस्ती भोंवतीं वाढली. यांतली गंमत अशी, कीं त्या वेळच्या स्कूटरच्या एंजिनांत कॅमशाफ्ट नव्हताच! दोन टप्प्यांच्या त्या एंजिनांत दट्ट्याच वरखालीं होतांना भिंतींतील भोंकें झांकतो व उघडतो. झडप नाहीं, उंचवटा नाहीं. यंत्र स्वस्त व सुटसुटीत, पण पेट्रोलचा कांहीं भाग न जळतां धुराबरोबर निघून जाई. पेट्रोल महागलें, धुराचे नियम कडक झाले, तसें चार टप्प्यांच्या एंजिनाचें राज्य आलें. विहिरीवरून हद्दपार झालेला कॅमशाफ्ट अशा रीतीनें मोटारसायकलींत बसून रस्त्यावर परत आला. आतां त्याला मिनिटास कित्येक हजार झेपा घ्याव्या लागतात.

मराठी मुलखांत हा दांडा स्वतंत्रपणें घडविण्याचा धंदा सोलापुरांत वाढला आहे. कापडाच्या गिरण्यांच्या या गांवीं १९९२ सालीं प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी निघाली. जगांतील मोठमोठ्या मोटार-कंपन्यांस तिचा माल जातो. बिडाचा रस सांच्यांत ओततांना उंचवट्यांच्या जागीं लोखंडी तुकडे बसवितात; त्यांच्या स्पर्शानें तेवढाच भाग झटकन थिजून अतिशय कठीण होतो, आणि दांड्याचा गाभा मात्र मऊ, धक्का सोसणारा राहतो. मग सहाणेवर घासून त्यास अखेरचा आकार देतात. साताऱ्यासहि कूपर घराण्याच्या नांवाचा कारखाना एंजिनांचे भाग व एंजिनें करीत आहे.

गोठ्यांतल्या जुन्या एंजिनांची गोष्ट वेगळी. भंगारवाला त्यांस वजनावर घेतो. दहा-वीस वर्षांच्या पाण्याचा हिशेब ज्या उंचवट्यांवर झिजलेला असतो, तो दांडा इतर लोखंडाबरोबर तराजूंत पडतो आणि कोठल्या तरी ओतशाळेच्या भट्टींत वितळतो. त्यांतून पुढें काय ओततात, पंप कीं पुन्हां एंजिन, हें विकणाऱ्यास कळत नाहीं आणि विकत घेणाऱ्यासहि.