अँग्युलरजेएस: डागडुजी थांबलेला कोट

१/ कंधारच्या भुईकोटाचा आरंभ राष्ट्रकूटकाळात झाला, असे मानले जाते. पुढच्या राजवटींनी त्यात भर घातली. औसा, उदगीरचे कोटही अनेक सत्तांनी सांभाळले. कोट टिकतो तो डागडुजीवर. आजचा धागा मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कोटाचा.

२/ २०१० साली गूगलची 'अँग्युलरजेएस' ही जावास्क्रिप्टची चौकट खुली झाली. संकेतस्थळे बांधणाऱ्यांना आयता पाया मिळाला. पण पाया एक असला, की त्यातली भेगही सर्वांची होते.

३/ पानात घातक मजकूर घुसवून वाचकाच्या ब्राउझरमध्ये परकी आज्ञावली चालवणे, हा मुख्य धोका. चौकटीतला 'सँडबॉक्स' त्याला अडवील, असा अनेकांचा समज होता. संशोधकांनी तो वारंवार भेदला. डिसेंबर २०१६ मधील १.६ आवृत्तीत तो काढूनच टाकला गेला. तो संरक्षणासाठी कधी नव्हताच, असे कर्त्यांनी स्पष्ट केले.

४/ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवी 'अँग्युलर' आली. ती डागडुजी नव्हे, पुनर्बांधणी होती. स्थलांतर कष्टाचे होते. ३१ डिसेंबर २०२१ रोजी जुन्या चौकटीची देखभाल थांबली. त्यानंतरही भेगा सापडल्या, जाहीर झाल्या. अधिकृत दुरुस्ती मात्र आली नाही.

५/ नांदेड-लातूरचा विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आधार आणि बँक खात्याचा क्रमांक कोणत्या ना कोणत्या अशा कोटाच्या हवाली करतो. ढासळलेला बुरूज दुरूनही दिसतो. ही पडझड दिसत नाही. म्हणून कोट कोणी बांधला, याबरोबरच शेवटची डागडुजी केव्हा झाली, हेही विचारावे.