डावी टाच

आपल्या पी.टी.च्या तासाला "टाचा जमिनीला!" हा हुकूम दहावीपर्यंत ऐकला. नंतर तोच हुकूम कानावर पडला तो वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, गोल्फच्या मैदानावर. ऑफिसातल्या मैत्रिणींच्या आग्रहाने शिकायला गेले होते. शिकवणाऱ्यांनी सांगितलं, क्लब मागे नेताना डावी टाच हलू द्यायची नाही, खुबे रोखून धरायचे आणि खांदे मात्र पूर्ण वळवायचे. तीन महिन्यांत कंबर अशी धरली की खुर्चीवरून उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागे. वीस वर्षं संगणकापुढे बसून आखडलेली कंबर ती, सगळा दोष गोल्फचा नाही. पण इंजिनिअरची खोड. हा नियम आला कुठून, ते शोधू लागले.

पूर्वी क्लबचा दांडा हिकरी नावाच्या लाकडाचा असे. हे लाकूड नुसतं वाकत नाही, पिळलंही जातं. एकदम झटका दिला तर क्लबचं तोंड फिरतं आणि चेंडू भलतीकडे जातो. म्हणून त्या काळचा स्विंग लांब, सैल आणि लयीत असे. मागे जाताना खुबे मोकळेपणाने वळत आणि त्यांच्यामागून डावी टाच आपसूक उचलली जाई. १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणारा हॅरी वॉर्डन याच पठडीतला. बॉबी जोन्सही तसाच. हा गृहस्थ १९२२ चा मेकॅनिकल इंजिनिअर, हे कळल्यावर मला उगाचच आपलेपणा वाटला! १९३० मध्ये एकाच वर्षात त्या वेळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून अठ्ठाविसाव्या वर्षी तो स्पर्धांमधून बाहेर पडला. पुढच्या वर्षी वॉर्नर ब्रदर्सने त्याच्यावर शिकवणीचे लघुपट काढले. ते मी थांबवून थांबवून पाहिले. टाच स्वच्छ वर येते. कुठेही ओढाताण दिसत नाही.

मग पोलादी दांडा आला. अमेरिकेत त्याला आधीच परवानगी होती. सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या संस्थेने ती १९२९ मध्ये दिली. पोलाद फारसं पिळलं जात नाही, त्यामुळे मनगटांची जुनी कसरत उरली नाही आणि पायांच्या जोरावर फटका मारता येऊ लागला. बायरन नेल्सनने ते करून दाखवलं. १९४५ मध्ये त्याने सलग अकरा स्पर्धा जिंकल्या. बेन होगनने १९५७ च्या आपल्या पुस्तकात खांदे खुब्यांपेक्षा जास्त वळवून मधल्या स्नायूंना ताण द्यायला सांगितलं. १९९२ मध्ये जिम मॅकलीनने खांदे आणि खुबे यांच्या वळण्यातल्या या फरकाला 'एक्स फॅक्टर' असं नाव दिलं. फरक जितका जास्त, तितका फटका लांब. रबर ताणून सोडावं तसं.

हिशेब चुकीचा नाही; विशीतल्या लवचिक शरीराला तो मानवतोही. पण कमरेच्या पाच मणक्यांना पिळायला निसर्गाने फार थोडी जागा ठेवली आहे. वळण्याचं मुख्य काम खुब्यांचं आणि पाठीच्या वरच्या भागाचं. खुबे बांधून टाकले आणि वरची पाठ माझ्यासारखी आखडलेली असली, की उरलेला पीळ कमरेवर येतो. आणि खाली येताना क्लब जेमतेम पाव सेकंदात चेंडूपर्यंत पोचतो. त्यात सावरायला वेळ कुठला? लाकडी दांडा पिळू नये म्हणून पूर्वी शरीर मोकळं वळत होतं. दांडा पिळायचा थांबला आणि आपण माणसाला पिळायला लागलो.

पोलादासाठी टाच रोखावीच लागते म्हणावं, तर जॅक निकलस आडवा येतो. पोलादी क्लबने, डावी टाच उचलून, त्याने अठरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्यातली शेवटची १९८६ ची मास्टर्स, सेहेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे टाच रोखणं ही त्या दांड्याची गरज नव्हतीच. जास्त अंतरासाठी केलेली ती निवड होती आणि शिकवता शिकवता तिचा नियम झाला.

निकलसचं उदाहरण मी शिकवणाऱ्यांपुढे ठेवलं. ते थोडे नाराज झाले, मग म्हणाले, "करून बघा." आता मी टाच उचलते. चेंडू पूर्वीइतकाच जातो, म्हणजे फार लांब नाहीच. कंबर अधूनमधून कुरकुरते, पण उठताना टेबल लागत नाही.