भाराची परीक्षा



घरच्या पाच माणसांची आमटी जिच्या हातची उत्तम होते, तिला एकदम पाचशे पानांच्या पंगतीपुढे उभे केले आणि आमटी बिघडली, तर दोष कोणाचा? बाईचा हात कालचाच असतो. चूल, पातेली, वाढपी यांचा हिशेब मात्र कोणी केलेला नसतो. संगणकाच्या सॉफ्टवेअरचेही असेच आहे. दहा माणसांनी वापरले तेव्हा ते बिनचूक चालले, एवढ्यावरून ते हजारांचा भार सोसेल असे ठरत नाही. तो भार आधीच घालून पाहणे, ही एक स्वतंत्र परीक्षा आहे. ती घेण्याची शिस्त संस्थेत कशी येते आणि कशी लोपते, हे लंडनच्या रुग्णवाहिका सेवेच्या इतिहासावरून मी आज मांडणार आहे.

सुमारे सहाशे चौरस मैलांचा मुलूख आणि अडुसष्ट लाखांची वस्ती या सेवेच्या हवाली होती. रोज दोन ते अडीच हजार दूरध्वनी येत. पद्धत कागदाची होती. दूरध्वनी घेणारा पत्ता लिहून घेई, तो नकाशात शोधी आणि कागद चालत्या पट्ट्यावर ठेवी. पुढचा माणूस कोणती गाडी पाठवायची ते ठरवी. एकाच अपघाताची वर्दी चौघांनी दिली तर ते ओळखण्याचे काम माणसाच्या स्मरणावर होते. पद्धत संथ होती, आणि तीत सुधारणा हवी होती याबद्दल दुमत नव्हते.

पहिला प्रयत्न १९९० साली सोडून द्यावा लागला. तेव्हा ऐन गर्दीच्या वेळेइतका भार घालून दोनदा चाचणी घेतली गेली, आणि दोन्ही वेळा ती यंत्रणा अनुत्तीर्ण झाली. पंचाहत्तर लाख पौंड बुडाले. लोकांनी याला अपयश म्हटले. माझ्या मते परीक्षेने आपले काम चोख केले होते: पैसा गेला, पण रस्त्यावर कोणी खोळंबले नाही. दुर्दैवाने संस्थेने यातून धडा घेतला तो खर्चाचा. चाचणीचा घेतला नाही.

दुसऱ्या वेळी निविदा मागवताना ८ जानेवारी १९९२ ही पूर्ततेची तारीख आधीच ठरवून टाकली. इतक्या थोड्या अवधीत हे होणे नाही, असे अनेक कंपन्यांनी सांगून पाहिले. काम मिळाले ते कमी किंमत सांगणाऱ्यांना. तारीख उलटली, तेव्हा यंत्रणा तुकड्यातुकड्यांनी सुरू झाली. पडद्यावर माहिती उमटायला काही सेकंद लागत, म्हणून कर्मचारी पाळी सुरू होताच लागतील ते सारे पडदे आधीच उघडून ठेवीत. त्याने संगणकाच्या स्मृतीवर आणखी ताण पडे. श्रोतेहो, यंत्र मंद आहे ही बातमी कोणत्याही अहवालाआधी कामगाराच्या बोटांना कळलेली असते. विचारणारा मात्र हवा.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी सकाळी संपूर्ण लंडन एकदम नव्या यंत्रणेवर घातले गेले. त्या दिवशी ८१ ज्ञात दोष शिल्लक होते. सर्व अंगे जोडून, पूर्ण भार घालून एकदाही परीक्षा झालेली नव्हती. नियंत्रणकक्षातील बैठकव्यवस्था बदलली होती. वर्षानुवर्षांचे शेजारी दुरावले होते, आणि हाताशी असणारा कागद काढून घेतला होता. शिकवणी झाली होती, पण इतकी आधी की पुष्कळांच्या अंगवळणी पडलेले पुसूनही गेले होते.

पुढे जे झाले ते एखाद्या चक्रासारखे होते. गाडी कोठे आहे याची माहिती संगणकाला अपुरी मिळे. म्हणून तो चुकीची गाडी नेमी, किंवा एकाच जागी दोन गाड्या पाठवी. प्रत्येक विसंगतीची सूचना पडद्यावर येई. सूचना इतक्या साचल्या की जुन्या वर सरकून दिसेनाशा झाल्या. त्यांमुळे यंत्रणा आणखी मंदावली. गाडी आली नाही म्हणून लोकांनी पुन्हा दूरध्वनी केले, आणि भार आणखी वाढला. २७ तारखेच्या दुपारी अर्धे काम पुन्हा माणसांच्या हाती द्यावे लागले. दुसऱ्याच दिवशी सेवेच्या मुख्याधिकाऱ्याने राजीनामा दिला.

४ नोव्हेंबरच्या पहाटे, दोनच्या सुमारास, यंत्रणा ठप्पच झाली. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी प्रोग्रॅममध्ये काही ओळी चुकून राहिल्या होत्या. दर गाडी रवाना होताना सर्व्हरची थोडीशी स्मृती अडकून पडे, ती परत मोकळी होत नसे. भांडारातून रोज वाटी न्यावी आणि परत ठेवू नये, तसे हे. तासाभराच्या चाचणीत असा दोष दिसत नाही; त्यासाठी यंत्र दिवसचे दिवस भाराखाली चालवून पाहावे लागते. राखीव सर्व्हर होता, पण या स्थितीत तो काम हाती घेईल की नाही, याचीही परीक्षा झालेली नव्हती.

चौकशी समिती तिघांची होती, आणि तिच्यात एक होते डेनिस बॉइड, मालक-कामगारांच्या तंट्यात समेट घडवणाऱ्या सरकारी संस्थेचे माजी प्रमुख समेट अधिकारी. या निवडीतच रोगाचे निदान होते. फेब्रुवारी १९९३ च्या अहवालाने म्हटले ते थोडक्यात असे: त्या दोन दिवसांत यंत्र बरेचसे जसे बांधले होते तसेच वागले, बांधणी, घाई आणि परस्परांवरील अविश्वास यांनी घात केला. कर्मचाऱ्यांनी मुद्दाम बटणे चुकवली, असाही आरोप झाला होता. थेट पुरावा पुढे आला नाही. पण आपल्या बाजूलाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अविश्वास दोन्हीकडून होता. "हे चालणार नाही" एवढेच म्हणणाऱ्या संघटनेचे कोणी ऐकत नाही. "अमुक वेळी, अमुक भाराला, अमुक इतके सेकंद लागतात" असे मोजून सांगणारीला टाळणे कठीण जाते.

म्हणून चाचणीची शिस्त म्हणजे काय? ऐन गर्दीत किती कामे येतील आणि प्रत्येकास किती वेळ लागलेला चालेल, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे. सर्व अंगे जोडून, रोज वापरणारी माणसे बसवून, अपुरी माहिती आणि बिघाड धरून परीक्षा घ्यावी. ती बांधणाऱ्याने स्वतःच स्वतःची घेऊ नये. दर बदलानंतर ती पुन्हा घ्यावी. आणि सर्वांत अवघड म्हणजे, निकाल वाईट आला तर जाहीर झालेली तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाला तरी खरोखर असावा. हा अधिकार नसेल तर चाचणी हा नुसता विधी होतो.

लंडनच्या सेवेने हे पुढे शिकूनही दाखवले. जानेवारी १९९६ मध्ये नवी यंत्रणा आली ती संस्थेतच बांधलेली, पायरीपायरीने वाढवलेली, कर्मचाऱ्यांना विचारून घडवलेली. आणि ती टिकली. तरीही ८ जून २०११ रोजी तिची जागा दुसरीने घेतली तेव्हा अडचणी आल्या आणि कागद-पेन्सिल पुन्हा काढावी लागली. ती नवी यंत्रणा २०१२ साली पुन्हा तयारी करून मगच सुरू झाली. शिस्त एकदा आली की कायमची राहते, असे नाही. माणसे बदलतात, घाई तीच राहते.

आपल्या महाराष्ट्रातही २०१४ पासून १०८ क्रमांक फिरवला की रुग्णवाहिका येते, आणि तिच्यामागेही नियंत्रणकक्ष आणि संगणक आहेत. रेशन, परीक्षांचे निकाल, वीजबिल, सारे त्याच वाटेने चालले आहे. नवी यंत्रणा आली की उद्‍घाटनाला कोण येणार, हे आपण विचारतो. यापुढे दोन प्रश्न आणखी विचारावेत: हिच्यावर पूर्ण भार घालून कोणी पाहिला आहे काय? आणि ज्यांना ती रोज चालवायची आहे, ते त्या वेळी तेथे होते काय?

पंगत बसण्याआधी हे प्रश्न विचारणारा उद्धट ठरतो, हे मला माहीत आहे. पण पाने मांडून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.