तिसरा कोण?

आमच्या गावच्या जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. या गावातून ३१ माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी ३ जणांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. नाव एकाचेही नाही. अशा पाट्या रत्नागिरी, सातारा भागातल्या अनेक गावांत आहेत. त्या पाटीखाली बसून मी पाढे म्हटले, पुढे शिक्षक होऊन तिथेच इतिहास शिकवला. पण पाटी नीट वाचली ती एका विद्यार्थिनीने. "गुरुजी, पुस्तकात महायुद्ध १९१८ साली संपलं असं लिहिलंय. मग पाटीवर १९१९ कसं?" असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

गावात चौकशी केली. मेलेल्या तिघांपैकी दोघांची नावे गावाला पाठ आहेत. दोघेही मराठ्यांच्या घरातले. एक १९१६ साली पडला, दुसरा १९१७ साली. तिसरा कोण, असे विचारले की माणसे खांदे उडवतात. पाटी करणाराची चूक झाली असेल, असेही एका जाणत्याने सांगितले.

आमच्या वाडीला मात्र ही चूक वाटत नव्हती. तेव्हाचा महारवाडा, आताची बौद्धवाडी. माझी आजी सांगायची, तिचा थोरला दीर बसऱ्याला गेला आणि "मानमोडीनंतरच्या पहिल्या शिमग्यात तिकडंच मेला." त्याचे एक पदक आमच्या पेटीत होते. पण हा तिसरा आमचा, असे वाडीने म्हटले की गावाचे उत्तर ठरलेले असे. लढाई आधीच संपली होती. तो तापाने मेला. आणि त्याच्या हातात बंदूक होती कुठे? तो तर हमाल. या तीन आक्षेपांचा शोध घेणे हेच माझ्या निवृत्तीनंतरचे काम झाले. त्या शोधातून जे हाती आले ते येथे मांडतो.

पहिला आक्षेप तारखेचा. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये तो मुंबईत आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लाटेत मुंबई इलाख्यात घरेच्या घरे ओस पडली. तेव्हा त्यानंतरचा पहिला शिमगा १९१९ च्या मार्चमधला. तुर्कस्तानशी युद्धबंदी झाली ३० ऑक्टोबर १९१८ ला आणि जर्मनीशी ११ नोव्हेंबरला. म्हणजे आजीची तारीख लढाई थांबल्यानंतरची, हे खरे. पण युद्धबंदी म्हणजे युद्धाचा शेवट नव्हे. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ ला आणि तो अमलात आला १० जानेवारी १९२० ला. ब्रिटिश सरकारने महायुद्धाची कायदेशीर अखेर धरली ती ३१ ऑगस्ट १९२१ या दिवशी. साम्राज्याच्या युद्धमृतांची नोंद ठेवण्यासाठी १९१७ साली जो आयोग स्थापन झाला, तो आजही ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हाच काळ मोजतो. दिल्लीच्या इंडिया गेटवर १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची नावे आहेत. सैनिकांना दिलेल्या विजयपदकावरही १९१४-१९१९ असेच कोरलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदीतही हा काळ ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत ताणलेला आहे. तेव्हा स्मारकावर युद्धानंतरची तारीख दिसली की ती खोटी ठरवण्याची घाई करू नये. सैन्य घरी परतायला, छावण्या मोडायला वर्षे लागली आणि त्या वर्षांत माणसे मरतच होती.

दुसरा आक्षेप मृत्यूच्या कारणाचा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उष्मा, कॉलरा आणि तापांनी फौजेची कत्तल केली. सेवेत असताना मेलेला माणूस गोळीने मेला की रोगाने, हा भेद आयोगाची नोंद करीत नाही. उलट, गोळीने मेलेल्यांच्या तारखाच पुष्कळदा संशयास्पद असतात. लढाई अनेक दिवस चाले, प्रेते सापडत नसत. मग बेपत्ता शिपायाच्या मृत्यूची तारीख कचेरीत ठरे. २९ एप्रिल १९१६ ला कुत येथील फौज शरण गेली. त्यानंतर तुर्कांच्या कैदेत जे हिंदी शिपाई मेले, त्यांतल्या कितीकांच्या मरणाला साक्षीदारच नव्हता. दगडावरची तारीख पुष्कळदा कारकुनाच्या टेबलावरची असते. आजीची तारीख माणसांच्या आठवणीतली होती.

तिसरा आक्षेप खरा जातीचा. त्या युद्धात हिंदुस्थानातून गेलेल्यांपैकी साडेपाच लाखांहून अधिक माणसे बिनलढाऊ होती. भिस्ती, मेहतर, स्वयंपाकी, खेचरवाले, डोली वाहणारे, गोदीतले हमाल. यांत दलित-आदिवासींचा भरणा मोठा होता. यांच्याशिवाय एक दिवसही फौज चालली नसती, पण त्यांचा पगार कमी आणि निवृत्तिवेतनही कमी. युद्धपदकातसुद्धा भेद. लढणाऱ्याला चांदीचे, मजूर तुकडीतल्या हिंदी माणसाला तेच पदक ब्राँझचे. आमच्या पेटीतले पदक काळपट का, याचा उलगडा मला वयाच्या साठीनंतर झाला. लहानपणी मी ते चिंचेने घासत असे, पाटलांच्या घरातल्या पदकासारखे चकाकावे म्हणून.

बंदूक हाती नव्हती, याचा जाब तरी कोणी कोणाला विचारायचा? भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या आमच्या माणसांची नावे आहेत, 'नाक' या प्रत्ययासकट. पुढे १८९२ च्या सुमारास याच समाजाला सैन्याची दारे बंद झाली, कारण सरकारने 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि त्यांत आम्ही नव्हतो. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा विनंती केली. सरकारला माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपल्यावर १९२१ पर्यंत ती मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. म्हणजे आधी बंदूक काढून घ्यायची आणि मग बंदूक नव्हती म्हणून स्मारकातून नाव काढायचे, असा हा न्याय आहे. त्यात साहेबाचा वाटा आहे, तसा गावाचाही आहे.

बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांची नावे कोरली गेली, पण साध्या हिंदी शिपायांचा फक्त आकडा आला. त्याच आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ साली अहवाल दिला आणि कबूल केले की आशियाई व आफ्रिकी मृतांपैकी किमान ४५ हजारांचे स्मरण विषमतेने झाले आणि किमान १ लाख १६ हजारांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत; कदाचित त्यांचे स्मरणच झाले नाही. सर्व मृतांना समान वागणूक हे ज्या आयोगाचे ब्रीद, त्यालाच हे लिहून द्यावे लागले, तेही शंभर वर्षांनी.

म्हणून तरुण अभ्यासकांना माझी विनंती आहे. घरोघरच्या पेट्या उघडून पाहा. पदकाच्या कडेवर माणसाचे नाव आणि तुकडी कोरलेली असते, ती भिंगाने वाचा. म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नका. साथ कोणती, सण कोणता, पाऊस कसा होता ते विचारा आणि मग कॅलेंडर उघडा. त्यांची तारीख पुस्तकाशी जुळली नाही, तर आधी पुस्तक तपासा.

आमच्या गावच्या पाटीवर 'शिपाई' हा शब्द नाही, 'माणसे' हा शब्द आहे. तिच्यावरचे साल १९१८ नाही, १९१९ आहे. गाव दोन नावे सांगतो आणि मेलेले तीन आहेत. एवढ्या पुराव्यावर मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे, की पाटीखाली तिन्ही नावे लिहावीत. गावाला पाठ असलेली दोन नावे मी त्यात आधी लिहिली आणि तिसरे आजीच्या थोरल्या दिराचे. अर्जावर पहिली सही त्या विद्यार्थिनीची आहे. ती आता स्वतः शिक्षिका आहे.