वर्तनवादी अध्ययन-उपपत्ती

अध्ययन म्हणजे अनुभवामुळे वर्तनात होणारा, बऱ्यापैकी टिकणारा बदल, असे मानणारी मानसशास्त्रीय विचारसरणी. मन बाहेरून दिसत नाही. म्हणून जे पाहता व मोजता येते त्याचाच अभ्यास करावा, अशी भूमिका अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये मांडली. तिला पुढे बळ मिळाले ते रशियातील इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांचे : कुत्र्याला अन्नाआधी ठरावीक संकेत वारंवार दिला, की नंतर नुसत्या संकेतानेही लाळ सुटते. हे अभिजात अभिसंधान.

बी. एफ. स्किनर यांनी लक्ष वळवले ते कृतीनंतर काय घडते याकडे. पेटीतल्या भुकेल्या उंदराने कळ दाबल्यावर अन्न मिळाले, तर कळ दाबणे वाढते; याला प्रबलन म्हणतात. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, ही सर्रास होणारी गल्लत. त्रासदायक उद्दीपक दूर झाल्यानेही कृती बळावते, एवढाच त्याचा अर्थ. स्किनर यांचे सर्वांत भक्कम काम प्रबलनाच्या वेळापत्रकांवरचे आहे. बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून, अनपेक्षितपणे मिळाले, तर सवय सहजी सुटत नाही. जुगाराचे यंत्र गिऱ्हाईक धरून ठेवते ते असेच.

भाषा मात्र या चौकटीत बसेना. मुले कधीही न ऐकलेली वाक्ये रचतात, याकडे भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये बोट दाखवले. तरीही भीतिगंडावरील उपचारांत वर्तनवादी तंत्रे आजही वापरली जातात.